चाचा चौधरी आणि सरकारी वसाहत : प्राण यांच्या चित्रकथांचा सामाजिक इतिहास

१९६० साली दिल्लीत दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी कोणी कधी संबंध जोडलेला नाही. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने हिंदीच्या विकासासाठी आणि प्रसारासाठी केंद्रीय हिंदी निदेशालय स्थापन केले. त्याच वर्षी विशीतल्या प्राणकुमार शर्मा या तरुणाने दैनिक 'मिलाप'मध्ये 'डब्बू' नावाची चित्रपट्टी काढायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी परिभाषा घडवण्यासाठी वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगही आला. दिल्लीतील आर. के. पुरम, म्हणजे रामकृष्णपुरम, येथील पश्चिम खंड ७ हा या दोन्ही सरकारी संस्थांचा पत्ता अनेक वर्षे कोशांच्या आणि शब्दावल्यांच्या पानांवर छापला जात होता. याच रामकृष्णपुरमच्या सेक्टरांमध्ये राहणाऱ्या कर्मचाऱ्यांची मुले मात्र हिंदी शिकत होती ती बऱ्याच अंशी त्या तरुणाने पुढे काढलेल्या चित्रकथांमधून.

प्रस्तुत पाठात प्राण यांच्या कामाचा विचार याच अंगाने करायचा आहे. चरित्र आणि सन्मानांची यादी कोणत्याही संदर्भग्रंथात मिळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडायला हवा तो प्रश्न असा : ज्याच्या रेषेचे अनुकरण फारसे कोणी केले नाही, त्या चित्रकाराचा प्रभाव इतका टिकला कसा, आणि तो शोधायचा कोठे?

कसूर, ग्वाल्हेर, दिल्ली

प्राण यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३८ रोजी लाहोरजवळच्या कसूर येथे झाला. नऊ वर्षांनी त्यांच्या वाढदिवशीच देश स्वतंत्र झाला आणि कसूर सीमेपलीकडे गेले. फाळणीनंतर कुटुंब ग्वाल्हेरला आले आणि प्राण पुढे दिल्लीत स्थिरावले. त्यांनी राज्यशास्त्रात एम. ए. केले आणि चित्रकलेचेही शिक्षण घेतले. राज्यशास्त्र शिकलेला माणूस मुलांसाठी चित्रे काढायला बसला, हे त्या काळात घरच्यांना आणि नातेवाइकांना कसे वाटले असेल याची कल्पना आजही करता येते. चित्रकार म्हणजे पोटापाण्याची भ्रांत, आणि त्यातही चित्रकथा म्हणजे चित्रकलेतली खालची पायरी, अशी समजूत होती.

त्या वेळी भारतीय मुलांच्या हातात काय होते? मराठी वाचकांना 'चांदोबा' माहीत आहे. मद्रासहून निघणाऱ्या त्या मासिकात चित्रे देखणी असत, पण ती गोष्टीच्या सोबतीला असत. गोष्ट चित्रांतून पुढे सरकत नसे. चौकटींतून आणि संवादाच्या फुग्यांतून सांगितलेल्या कथा आल्या त्या मुख्यतः परदेशांतून. मुंबईच्या टाइम्स समूहाने १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. त्यातला फँटम मराठीत 'वेताळ' झाला, मँड्रेक जादूगार झाला. नावे बदलली, तरी जंगल आफ्रिकेचे राहिले आणि घरे अमेरिकेची राहिली. या चित्रांतला कोणीही माणूस अंगणात खाट टाकून बसलेला दिसत नसे.

या आयात मालाला भारतात दोन उत्तरे मिळाली आणि गंमत अशी की दोन्ही साधारण एकाच सुमारास मिळाली. पहिले उत्तर अनंत पै यांचे. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवर एक प्रश्नमंजूषा पाहताना त्यांच्या लक्षात आले की मुलांना ग्रीक पुराणातली उत्तरे येतात, पण रामाच्या आईचे नाव येत नाही. ही हकिकत पै स्वतः सांगत असत. त्यातून 'अमर चित्र कथा' उभी राहिली. तिच्यातला ११ व्या क्रमांकाचा 'कृष्ण' राम वाईरकर यांनी रेखाटला आणि मालिकेची खरी ओळख तेथून झाली. हे उत्तर पुराणाकडे आणि इतिहासाकडे वळणारे होते. दुसरे उत्तर प्राण यांचे. त्यांनी मागे न पाहता शेजारी पाहिले.

म्हातारा नायक

चाचा चौधरी अवतरले ते 'लोटपोट' या दिल्लीहून निघणाऱ्या हिंदी बालमासिकात. जन्मसाल म्हणून १९६९ आणि १९७१ अशी दोन्ही वर्षे निरनिराळ्या ठिकाणी दिलेली आढळतात. विद्यार्थ्यांनी या दोन वर्षांच्या फरकाकडे दुर्लक्ष करू नये. एखाद्या मंत्र्याच्या शपथविधीच्या तारखेबद्दल असा मतभेद होत नाही, कारण ती नोंद कोणीतरी जपून ठेवलेली असते. मुलांची मासिके घरोघर रद्दीत गेली.

चाचांकडे नीट पाहू. अंगाने किडकिडीत, पांढऱ्या मिशा, लाल पगडी, अंगात जाकीट, हातात काठी. दंडाला बेटकुळी नाही, तोंडावर मुखवटा नाही. त्यांचे एकच बळ आहे, ते म्हणजे डोके. ते संगणकाहून वेगाने चालते असे वाचकाला पुन:पुन्हा सांगितले जाते. ही तुलना आज फिकी वाटते, पण १९७० च्या दशकात संगणक म्हणजे सामान्य माणसाने केवळ वर्तमानपत्रात वाचलेली वस्तू होती. पगडीतले डोके त्या यंत्राच्या पुढे आहे असे म्हणण्यात एक मिश्कील आत्मविश्वास होता.

नावातही बरेच काही आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला 'चौधरी' हे आडनाव वाटते. खानदेशात तर गल्लोगल्ली चौधरी भेटतात. उत्तरेकडच्या वाचकाला मात्र त्यात गावचा मान्यवर, चार जणांचा तंटा सोडवणारा वडीलधारा ऐकू येतो. असा माणूस खेड्यात पारावर शोभला असता. प्राण यांनी त्याला शहरी मोहल्ल्यात आणून बसवले. फाळणीने लाखो कुटुंबे उखडून दिल्लीत आणली होती. ज्या गावात आजोबांच्या शब्दाला वजन होते ते गाव उरले नव्हते. अशा शहरात सर्वांनी विचारायला यावे असा म्हातारा चित्रकथेचा नायक होतो, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. अर्थात हे अनुमान आहे आणि विद्यार्थ्यांनी ते अनुमान म्हणूनच घ्यावे.

चाचांच्या घरात साबू राहतो. तो गुरू ग्रहावरून आलेला राक्षसी देहाचा माणूस. त्याला राग आला की दूर कोठेतरी ज्वालामुखी फुटतो. अमेरिकन चित्रकथेत परग्रहावरून आलेला बलवान माणूसच नायक असतो. येथे तो घरचा गडी आहे, पुतण्या आहे, आणि बुद्धीने सांगितल्याशिवाय हात उचलत नाही. शिवाय तो खातो. ढीगभर पोळ्या लाटताना चाची वैतागते आणि हा विनोद कथांमध्ये वारंवार येतो. साखर आणि रॉकेल शिधापत्रिकेवर मिळण्याचा तो काळ होता. महिन्याच्या शेवटी पाहुणा आला की डब्यात डोकावणाऱ्या घरांना त्या विनोदातली बोच वेगळी समजावून सांगावी लागत नसे. सुपरमॅन काय जेवतो हा प्रश्न परदेशी चित्रकथांना कधी पडला नाही. प्राण यांना पडला, कारण त्यांचा वाचक तो प्रश्न विचारणारच होता.

बाकीची मंडळीही ओळखीची आहेत. रॉकेट हा रस्त्यावरून घरी आलेला कुत्रा, आणि डगडग हा मोडकळीला आलेला पण शहाणा ट्रक. खलनायकांत औषधाने अमर झालेला राका आहे, पण बहुतेक वेळा समोर असतात ते भुरटे चोर, भेसळ करणारे दुकानदार, घरफोडे, भामटे. म्हणजे मोहल्ल्याला खरोखर ज्यांचे भय असते ते लोक.

सेक्टर, क्वार्टर, जिना

आता रामकृष्णपुरमकडे वळू. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी दक्षिण दिल्लीत उभारलेली ही वसाहत. सेक्टरांना नावे नाहीत, आकडे आहेत. घरांना 'क्वार्टर' म्हणतात आणि त्यांचा आकार कर्मचाऱ्याच्या वेतनश्रेणीनुसार ठरतो. एका जिन्यावर तमिळ, बंगाली, गढवाली, मराठी अशी कुटुंबे शेजारी शेजारी येत आणि बदली झाली की पांगत. प्रत्येक समाजाने आपापल्या भाषेची आणि देवाची सोय शोधली. दिल्ली तमिळ संगमची इमारत सेक्टर ५ मध्ये आहे आणि टेकडीवरचे मलै मंदिर सेक्टर ७ मध्ये. मराठी माणसाची संस्थात्मक वस्ती मात्र दूर पहाडगंजला होती, नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवनाच्या परिसरात. त्यामुळे दक्षिण दिल्लीतल्या मराठी मुलाच्या वाट्याला घरात मराठी, शाळेत इंग्रजी किंवा हिंदी, आणि जिन्याखाली फक्त हिंदी येई.

जिन्याखालची ही हिंदी निदेशालयाच्या कोशातली नव्हती. आयोग ज्या शब्दावल्या बनवत होता त्या भौतिकशास्त्रासाठी आणि प्रशासनासाठी होत्या, आणि त्या कामाची थट्टा करण्याचे कारण नाही; आज आपण मराठीतून विज्ञान लिहितो तेव्हा त्या परिभाषेची मदत होतेच. पण भाषा बोलायला शिकवते ती भांडणाची, खेळाची, उधारीची भाषा. प्राण यांच्या फुग्यांमधली वाक्ये आखूड आहेत. एका फुग्यात बहुधा एकच गोष्ट सांगितलेली. चित्र पाहून अर्थ अर्धा आधीच कळलेला असतो, उरलेला शब्द सांगतात. वाचायला नुकतेच शिकलेल्या, आणि हिंदी घरची भाषा नसलेल्या मुलासाठी याहून सोपे पाठ्यपुस्तक कोणते?

वाचनाची रीतही ध्यानात घ्यायला हवी. चित्रकथा विकत घेणारी घरे थोडी. अंक दिवसाच्या भाड्याने मिळत. बाजारातला एखादा पुस्तकवाला, कधी किराणा दुकानाचा कोपरा, तर कधी उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या मुलानेच जिन्यात दोरी बांधून, त्यावर अंक टांगून चालवलेली 'लायब्ररी'. संध्याकाळपर्यंत अंक परत करायचा तर तो तेवढ्यात चार जणांनी वाचून घ्यायचा. उत्तर भारतभर चाललेल्या या व्यवहाराचा कथांच्या बांधणीवर परिणाम झालेला दिसतो. प्राण यांच्या कथा छोट्या आहेत आणि बहुधा स्वतंत्र आहेत. मधलाच कोणताही अंक हाती आला तरी अडत नाही, मागचे काही आठवावे लागत नाही. पार्श्वभूमी मोजकी : एक भिंत, एक दार, एखादे झाड. चित्रकलेचे जाणकार या साधेपणावर नाक मुरडत. मला वाटते, फाटक्या, डाग पडलेल्या, पाचव्या वाचकाच्या हातात गेलेल्या अंकातही गोष्ट कळायची असेल, तर रेषा अशीच लागते.

प्राण यांच्या बाकीच्या पात्रांत तर वसाहतच उतरली आहे. १९७३ चा बिल्लू केसांनी डोळे झाकलेला, क्रिकेटच्या चेंडूने शेजाऱ्यांच्या काचा फोडणारा मुलगा आहे. १९७८ ची पिंकी ही पाच वर्षांची आगाऊ मुलगी, खांद्याशी कुटकुट नावाची खार बाळगणारी. शेजारच्या झपटजींना तिच्या मदतीचीच धास्ती. स्वतःच्या नावाचा अंक असलेली इतकी लहान मुलगी भारतीय चित्रकथेत तेव्हा नवलाचीच होती. रमण हा कार्यालयात जाणारा कारकून आहे. त्याला साहेबाची भीती, बायकोची भीती, पहिल्या तारखेची वाट. सरकारी क्वार्टरमधल्या वडिलांना मुलाच्या हातातून ओढून घेऊन वाचावा असा हा अंक. राष्ट्रीय एकात्मतेवरच्या 'रमण : हम एक हैं' या अंकाचे प्रकाशन १९८३ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी केले. ज्या कारकुनांच्या जिन्यावर चार भाषा नांदत होत्या त्यांच्याच एका प्रतिनिधीला हा संदेश द्यायला निवडले गेले, हे समर्पक होते.

१९७८ मध्ये दिल्लीत 'डायमंड कॉमिक्स' सुरू झाले आणि प्राण यांची पात्रे मासिकाच्या पानांतून स्वतंत्र अंकांत आली, हिंदीबाहेरच्या भाषांतही गेली. मनोज, राज आणि डायमंड या तिन्ही मोठ्या हिंदी प्रकाशनांचे ठाणे दिल्लीच राहिले. पूर्वी चित्रकथा म्हटली की मुंबई डोळ्यांसमोर येई. १९८० च्या दशकात हिंदी वाचकापुरते तरी ते बदलले.

प्रभाव शोधायचा कोठे?

प्राण यांच्या नंतर हिंदी चित्रकथेत जे लोकप्रिय झाले ते त्यांच्या वाटेने गेले नाही. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये आला. त्याची सुरुवातीची वर्षे गाजवणारी चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. पिळदार देह, सापांचा विळखा, हाणामारीची गती. मुळीकांची ताकद मोठी होती यात वाद नाही. पण ती परंपरा वेगळी.

प्राण यांचा वारसा रेषेत नाही, जागेत आहे. गोष्ट घडायला जंगल किंवा दरबार लागत नाही, आपली गल्ली पुरते, हे त्यांनी प्रथम इतक्या मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले. 'टिंकल' १९८० मध्ये निघाले आणि वाईरकरांनी चितारलेला सुप्पंडी, वसंत हळबे यांचा शिकारी शंभू असे वेंधळे, साधे नायक मुलांचे लाडके झाले. ही पात्रे प्राण यांच्यावरून घेतली असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणूही नये. पण बलदंड नसलेला नायक चालतो, हे तोवर बाजाराला कळून चुकले होते. मराठीत १९९१ पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला. मध्यमवर्गीय घर, आईबाबा, मित्र, शेजारी : बिल्लूचा वाचक चिंटूच्या घरात शिरला तर त्याला बाहेर चपला कोठे काढायच्या ते विचारावे लागणार नाही. दोघांत फरकही आहे. चिंटूचा विनोद तीनचार चौकटींत एखाद्या वाक्यावर फिरतो. बिल्लूचा विनोद धावाधाव आणि आदळआपट यांचा आहे.

प्रभावाची चर्चा करताना डोळे झाकून कौतुक करणे इतिहासाला शोभत नाही. चाचीच्या हातातले लाटणे हे तिचे जवळजवळ एकमेव व्यक्तिमत्त्व आहे. पिंकीला जे स्वातंत्र्य मिळाले ते मोठ्या बायकांना मिळाले नाही. त्या चिडतात, हट्ट करतात, साड्या मागतात. जाड माणूस दिसला की हसायचे, दाढीवाला दांडगा दिसला की तो गुंड समजायचा, अशी सवयही या चित्रांनी लावली. आणि चाचांचे डोके कितीही चालो, शेवटी चोर सरळ होतो तो साबूच्या ठोशाने. पोलीस येतात ते बहुधा सगळे आटोपल्यावर. न्याय मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यात उरकण्याची ही कल्पना मुलाला मौजेची वाटते. तीच चौकट राज्यशास्त्राच्या वर्गात ठेवली तर तासभर वाद होईल, आणि व्हावा. शेवटी हा चित्रकार राज्यशास्त्राचाच पदवीधर होता.

सन्मान उशिरा आले, पण आले. कॉमिक्सच्या जागतिक विश्वकोशाचे संपादक मॉरिस हॉर्न यांनी त्यांना भारताचे वॉल्ट डिस्ने म्हटले. हे विशेषण कौतुकाचे असले तरी मला ते नेमके वाटत नाही. डिस्नेने एक स्वप्ननगरी उभारली. प्राण यांना नगरी उभारायची गरजच पडली नाही. या शतकाच्या आरंभी चाचा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रघुवीर यादव यांच्या रूपाने आले. ५ ऑगस्ट २०१४ रोजी गुरगाव येथे प्राण यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. २०२१ मध्ये गंगास्वच्छतेच्या 'नमामि गंगे' कार्यक्रमासाठी चाचा चौधरींना शुभंकर म्हणून निवडण्यात आले. मुलांशी हिंदीत बोलायचे झाले तेव्हा सरकारला हाच म्हातारा आठवला.

अभ्यासाची साधने

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्यांनी आधी अडचण समजून घ्यावी. सरकारी शब्दावल्या ग्रंथालयांत क्रमाने लावलेल्या मिळतात. चित्रकथा शालेय ग्रंथालयांनी घेतल्या नाहीत, विद्यापीठांनी तर नाहीतच. घरी त्या गादीखाली लपवल्या गेल्या आणि परीक्षेच्या आधी जप्त झाल्या. शिवाय जुन्या कथा नव्या मुखपृष्ठांखाली पुन:पुन्हा छापल्या गेल्या, त्यामुळे हातातला अंक मूळ आहे की पुनर्मुद्रण हे ठरवणे कठीण जाते. अशा वेळी अंकावरची किंमत, मागच्या पानावरच्या जाहिराती, चित्रातली वाहने, दूरध्वनी, पडद्याची दूरचित्रवाणी यांवरून काळ बांधता येतो. चित्रकाराने जे सहज म्हणून काढले ते इतिहासकाराला पुरावा ठरते : स्टोव्ह जाऊन गॅसची शेगडी कधी आली, स्कूटर कोणाच्या दारात उभी आहे, मुली कोणत्या खेळात घेतल्या जातात.

दिल्लीत जुने अंक शोधायचे तर दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार हा हक्काचा ठिकाणा. पदपथावरून तो २०१९ मध्ये महिला हाटच्या आवारात हलला. पण अंकांहून नाशवंत साधन म्हणजे वाचकांच्या आठवणी. १९७० आणि ८० च्या दशकांत सरकारी वसाहतींत वाढलेली पिढी आता निवृत्तीला आली आहे किंवा निवृत्त झाली आहे. तुमच्या शहरातही अशी वसाहत असेल : रेल्वेची, टपाल खात्याची, एखाद्या पोलाद कारखान्याची. तेथल्या तीन-चार जणांना भेटा. आवडते पात्र कोणते हा प्रश्न शेवटी ठेवा, त्याचे उत्तर सगळे सारखेच देतात. आधी विचारा की अंक कोणाकडून मिळायचा, दिवसाला किती पैसे पडायचे, घरी कोणी बोलायचे का, आणि वाचून झाल्यावर त्यातले कोणते शब्द घरच्या भाषेत शिरले. मुलींना निराळे विचारा. भाड्याच्या दुकानापर्यंत त्यांना एकट्याने जाऊ देत होते का, की भाऊ आणेल तोच अंक वाचावा लागे.